घोळ, दाढा आणि दोन बोटींनी ओढलेलं जाळं

आजचा भाग मासळीचा आहे, त्यामुळे शाकाहारी दोस्तांनीही थांबावं, कारण इथे रेसिपी नाही, इतिहास आहे.

आता तुम्ही म्हणाल, जांभूळमध्ये बसून समुद्राच्या गप्पा कशाला? आमच्याकडे समुद्र नाही हे खरं. आमच्याकडे उल्हास नदी आहे, एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, आणि बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात जी पापलेटं दिसतात ती मुंबईच्या धक्क्यावरून टेम्पोने किंवा लोकलच्या लगेज डब्यातून आलेली असतात. पण म्हणूनच सांगते, समुद्रात काय बदललं हे पाटीत जास्त स्पष्ट दिसतं. आमच्या भागातल्या कुठल्याही साठीच्या मावशीला विचारा, पूर्वी काय खायचात? घोळीचं डोकं, दाढा, मोठी मुशी, हाताएवढा वाटणारा रावस अशी यादी येते. आज पाटीत काय असतं? राणी मासा, माकूल, वाकट्या, आणि तळहातापेक्षा लहान पापलेट. ही यादी अशी का बदलली, त्यामागे शंभरेक वर्षांची गोष्ट आहे.

सुरुवात डोल जाळ्यापासून करू. वसई, उत्तन, अर्नाळा, वर्सोवा, इकडे खाली रायगडपर्यंत, आपल्या उत्तर कोकणाचं हे खास जाळं. शंकूसारखी लांबच लांब पिशवी. तिचं तोंड मोठ्या आसाचं, आणि शेपटाकडे आस बारीक होत होत जातो. समुद्राच्या तळात खुंट मारायचे किंवा नांगर टाकायचे, त्याला ही पिशवी बांधायची, आणि भरती-ओहोटीच्या पाण्याला तिच्या तोंडातून जाऊ द्यायचं. म्हणजे जाळं माशामागे जात नाही. पाणी मासे आणून देतं. आपल्याकडे भरती-ओहोटीचा जोर प्रचंड, म्हणून हे जमतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असलं की डोलीला जोर, अष्टमीच्या सुमाराला भांग लागला की पाणी सुस्त, काम सुस्त. वर पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर. चंद्रानेच महिन्यातून दोनदा सुट्टी लावून दिलेली.

या डोलीत काय यायचं? बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. जवळा म्हणजे तो बारीक, कोळंबीच्या जातकुळीतला जीव, जो तुम्ही सुकवलेला खाल्लाय. दिसायला क्षुल्लक, पण आपल्या किनाऱ्यावरचं निम्मं अन्नजाळं त्याच्यावर उभं आहे. जवळ्याला बोंबील खातो, बोंबलाला मोठा बोंबीलही खातो (हो, बोंबील स्वजातीयांना सोडत नाही), आणि या सगळ्यांना घोळ, दाढा, वाम, मुशी खातात. आमच्या बाजूच्या घरांत पावसाळ्याची बेगमी म्हणून डब्यात भरून ठेवलेलं सुकट म्हणजे या मनोऱ्याचा तळमजला होता. वरचे मजले अजून कुणी फारसे हलवले नव्हते.

डोल म्हणजे निरागस जाळं, असं मात्र समजू नका. तिच्या शेपटाचा आस इतका बारीक असतो की पापलेटाची पिल्लंही त्यात अडकतात, आणि हे आजही होतं. पारंपरिक म्हणजे आपोआप निसर्गस्नेही, हे वाक्य मला कधी पटलेलं नाही. फरक एवढाच की डोल एका जागी बांधलेली असायची, सुताची-सणाची असायची, आणि वल्ह्या-शिडाच्या होडीला जाता येईल तितक्याच अंतरावर असायची. तिची मर्यादा माणसाच्या चांगुलपणात नव्हती, दोरीत आणि वाऱ्यात होती.

ती मर्यादा कधी तुटली?

पहिला प्रयत्न इंग्रजी अमलात झाला. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेवर चालणारी ट्रॉलर बोट आणून आपल्या किनाऱ्यासमोर चाचणी घेतली. ट्रॉलर म्हणजे काय, तर जाळं तळाला सोडायचं आणि बोटीने ओढत न्यायचं. वाटेत जे येईल ते पिशवीत. तो प्रयोग धंदा म्हणून पुढे गेला नाही.

पण इंग्लंडमध्ये या ओढत्या जाळ्याला तोवर साडेपाचशे वर्षांची बदनामी होती, हे ऐकून मी थक्क झाले. १३७६ साली, म्हणजे आपल्याकडे दख्खनेत बहमनींचं राज्य होतं तेव्हा, तिथल्या मच्छीमारांनी राजा तिसऱ्या एडवर्डकडे तक्रार केली होती की एक नवीन जाळं निघालंय, त्याचा आस इतका बारीक आहे की लहान मासाही सुटत नाही, ते तळाची वनस्पती आणि शिंपले खरवडून काढतं, आणि एवढे बारीक मासे पकडतात की लोक ते डुकरांना घालतात. वाचताना वाटतं कुणी मालवणचा मच्छीमार बोलतोय. नंतर १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सलीने, जो डार्विनचा मोठा पाठीराखा आणि त्या काळचा नामांकित शास्त्रज्ञ, असं मत मांडलं की समुद्रातल्या मोठ्या मासेमाऱ्या बहुधा कधी संपणारच नाहीत. तक्रार करणारे अडाणी आणि हा विद्वान. इतिहासाने बाजू अडाण्यांची घेतली.

परत आपल्याकडे या. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी सरकारी केंद्र सुरू झालं. आजची फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया ही त्याचीच वंशज. १९५० च्या दशकात ‘बुल ट्रॉलर’ आले. दोन बोटी समांतर चालतात आणि मध्ये एकच अवाढव्य जाळं ओढतात. नांगराला दोन बैल जुंपल्यासारखं. ‘न्यू इंडिया फिशरीज’ नावाच्या कंपनीच्या अशा बोटी मुंबईहून निघून सौराष्ट्र-कच्छसमोरच्या समुद्रात जायच्या. आणि मंडळी, त्या बोटींची नावं काय होती? ‘अर्नाळा’, ‘सातपाटी’. ज्या गावांनी डोली आणि दालदी जाळी विणली त्यांचीच नावं यंत्राला.

त्या जाळ्यांत घोळ यायचा, कोथ यायचा, दाढा यायचा, वाम, शिंगाळा, मुशी आणि पाकट यायचे. सगळे मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावरचे. मीटरभर किंवा त्याहून लांब, बरीच वर्षं जगणारे, सावकाश मोठे होणारे. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. जवळा काही महिन्यांत वाढतो, पुन्हा पैदास करतो. त्याला ओरबाडलं तरी तो सावरू शकतो. घोळीसारख्या माशाला अंडी घालायच्या वयात यायला काही वर्षं लागतात, आणि मोठी मादी छोट्या मादीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते. मोठे मासे आधी काढले की आपण व्याज सोडून मुद्दल खर्च करायला लागतो.

घोळीची आणखी एक अडचण म्हणजे तिचा आवाज. त्या जातकुळीतले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंचे ठोके मारून ढोलासारखा आवाज काढतात, आणि विणीच्या दिवसांत एकत्र जमतात. जो मासा एकत्र जमतो तो जाळ्याला सोपा. आणि ती पिशवी, जिला आपल्याकडे भोत म्हणतात, तीच पूर्वेकडच्या बाजारात सोन्याच्या मोलाने विकली जाते. चीनच्या किनाऱ्यावरचा बहाबा नावाचा अजस्र मासा या भोतापायी जवळजवळ नामशेष झाला. मग गिऱ्हाईकांची नजर जगभरच्या इतर घोळींकडे वळली.

आता कोळंबी. साठच्या दशकात अमेरिका आणि जपानने गोठवलेली कोळंबी मोठ्या प्रमाणावर विकत घ्यायला सुरुवात केली. त्यात १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, म्हणजे निर्यात करणाऱ्याला त्याच डॉलरचे जास्त रुपये मिळू लागले. कोळंबी तळाशी राहते, आणि तळ खरवडायला ट्रॉलरइतकं सोपं काही नाही. सरकारने कर्जं दिली, अनुदानं दिली, इंजिनं दिली. सुताच्या जागी नायलॉन आलं, जे कुजत नाही आणि हलकंही असतं. बर्फाचे कारखाने आले. ऐंशीच्या दशकापर्यंत सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या बोटी बर्फ भरून आठ-आठ दिवस बाहेर राहू लागल्या. चंद्राची सुट्टी संपली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘बाहेरच्या भांडवलदारांनी कोळ्यांचा समुद्र लुटला’ ही सोपी गोष्ट अर्धीच खरी आहे. बाहेरचा पैसा आला हे खरंच. पण ट्रॉलर घेणाऱ्यांत कोळीवाड्यांतलेही लोक होते, आणि का नसावेत? शेजारच्या माणसाने इंजिन बसवून तुमच्या जाळ्यासमोरचा मासा नेला, तर तुम्ही वल्हं मारत बसणार का? एकाने घेतलं म्हणून दुसऱ्याने घेतलं. कुणी वाईट नव्हतं, आणि तरी सगळे मिळून तेच करत होते.

वाद पेटला तो गोव्यात. तिथे किनाऱ्यावरून ओढायची रापण असते, गावच्या गाव एकत्र येऊन ओढतं. १९६१ नंतर सरकारी मदतीवर ट्रॉलर वाढले आणि सत्तरच्या दशकात रापणकारांच्या हाताला मासा लागेना. माथानी साल्ढाना यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर आले, आणि ‘रापणकारांचो एकवट’ हे नाव देशभर पोचलं. किनाऱ्याजवळ यांत्रिक बोटींना मज्जाव करणारे कायदे त्यानंतर आले. गोव्याचा १९८० चा, आपला महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. कागदावर किनाऱ्यालगतचं पाणी लहान मच्छीमारांसाठी राखलं गेलं. पण समुद्रात कुंपण घालता येत नाही, आणि रात्री कोण कुठे जाळं ओढतंय हे बघायला गस्तीच्या बोटी पुरेशा कधीच नव्हत्या.

आता माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट. शिंगाळा. आपण त्याला फारसा भाव देत नाही, मिशावाला, काटेरी. पण हा मासा बाप म्हणून थोर आहे. मादी गोट्यांएवढी मोजकीच अंडी घालते, आणि नर ती तोंडात धरून ठेवतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत. त्या काळात तो काही खात नाही. लाखो अंडी पाण्यात सोडून निघून जाणाऱ्या माशांपेक्षा हा वेगळाच हिशोब आहे. मोजकी अंडी, पण प्रत्येकाची राखण.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकात मंगळूर-मलपेकडे पर्ससीन जाळी आली. माशांच्या थव्याभोवती गोल भिंत टाकायची आणि खालची दोरी ओढून बटव्यासारखं तोंड आवळायचं. पावसाळ्यानंतर अंडी तोंडात घेतलेल्या शिंगाळा-नरांचे थवे वर यायचे, आणि ते अख्खेच्या अख्खे या बटव्यात सापडले. माशांबरोबर अंड्यांचे ढीग. एकाच दिवशी बापही गेले आणि पुढची पिढीही. काही वर्षांतच, ऐंशीच्या दशकात, तिथली शिंगाळ्याची मासेमारी कोसळली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

आमच्याकडे पहिल्या पावसात वलगण असते, अंड्यांनी भरलेले मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतात चढतात आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन धावतं. तीही विणीवर येणाऱ्या माशांचीच शिकार. फक्त ती एका-दोन रात्रींची, हातांनी होणारी. हाताला यंत्र जोडलं की तीच सवय वेगळी होते.

कॅनडाची गोष्ट यापेक्षा मोठी आहे, थोडक्यात सांगते. न्यूफाउंडलंडचा कॉड मासा शतकानुशतकं पुरला. १९५० नंतर बोटीवरच मासा कापून गोठवणारे तरंगते कारखाने आले, १९६८ मध्ये सुमारे ८ लाख टनांचा उच्चांक झाला, आणि १९९२ च्या जुलैमध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली. हजारोंचा रोजगार एका दिवसात गेला. व्यापारी मासेमारी पुन्हा मर्यादित प्रमाणात सुरू झाली ती थेट २०२४ मध्ये, ३२ वर्षांनी. कोसळण्याआधी तिथले कॉड लहान वयातच अंडी घालू लागले होते, कारण उशिरा मोठे होणारे जाळ्यातून वाचतच नव्हते. म्हणजे जाळं मासे कमी करतं इतकंच नाही, ते उरलेल्या माशांची जात बदलतं.

आपल्याकडे कॉडसारखा एकच मासा नाही, शेकडो जाती आहेत. त्यामुळे आपला समुद्र धाडकन रिकामा झाला नाही, आणि म्हणूनच फसगत झाली. घोळ कमी झाली तर कोळंबी होती. कोळंबी कमी झाली तर राणी मासा, वाकटी, माकूल. पूर्वी जे धक्क्यावर कुणी उचललं नसतं तेही विकलं जाऊ लागलं, आणि ज्याला ताटात जागा नाही ती बारीक मासळी कोंबड्या-कोळंबीच्या खाद्याच्या कारखान्यांत गेली. एकूण टनांचा आकडा वर्षानुवर्षं वाढताना दिसत होता. आकड्याला घोळ आणि जवळा सारखेच, दोन्ही किलोत मोजतात. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये जगभरच्या आकडेवारीवरून दाखवलं की माणूस अन्नजाळ्याच्या वरच्या पायरीवरून एकेक पायरी खाली उतरत मासे खातोय. त्यानेच १९९५ मध्ये आणखी एक विचार मांडला होता: प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी पाहिलेला समुद्र हाच मूळचा समुद्र मानते, आणि घट तिथून मोजते. माझ्या पिढीला तळहाताएवढं पापलेट म्हणजे ‘मोठं’ वाटतं, ते यामुळेच.

महाराष्ट्रात एकूण आकडाही शेवटी घसरला. २०१७ मध्ये साधारण ३.८१ लाख टन, २०१८ मध्ये २.९५ लाख टन, आणि २०१९ मध्ये २.०१ लाख टन. ४५ वर्षांतला नीचांक. सगळा दोष जाळ्यांचा नाही, त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं आली आणि बोटींचे बरेच दिवस बुडाले. पुढे आकडे पुन्हा वर-खाली झाले. खाड्यांचीही भर आहे त्यात. कोळंबीची पिल्लं खाडीत वाढतात आणि मग समुद्रात जातात. आमच्या जांभूळच्या केंद्रात शुद्ध झालेलं पाणी शहरांना आणि कारखान्यांना जातं, आणि वापरून झालं की वालधुनीसारख्या नाल्यांतून कल्याणच्या खाडीत उतरतं, ते काय होऊन उतरतं हे अंबरनाथ-उल्हासनगरच्या लोकांना मी सांगायला नको, वासच सांगतो. तेव्हा समुद्र फक्त समुद्रावरच बिघडतो असं नाही.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. पर्ससीनचा वाद रत्नागिरी-सिंधुदुर्गात इतका पेटला की सोमवंशी समिती नेमली गेली, आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर संख्येची आणि महिन्यांची बंधनं आली. २०१७ मध्ये केंद्राने समुद्रात एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला बंदी घातली. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ठरली. नारळी पौर्णिमा बहुतेकदा त्यानंतर येते, पण बोटी १ ऑगस्टलाच सुटतात, आणि जुने लोक यावर अजून कुरकुरतात. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. २०२१ मध्ये कायद्यात दंड वाढवले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. आणि काही आठवड्यांनी गुजरातने आपला राज्यमासा जाहीर केला: घोळ.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये, बंदी उठल्यावर लगेच, पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच जाळ्यात १५७ घोळ मिळाले. लिलावात १ कोटी ३३ लाख रुपये आल्याची बातमी तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाहिली असेल, सगळीकडे ‘लॉटरी लागली’ असाच मथळा होता. त्या घरांसाठी आनंद वाटलाच. पण ‘अर्नाळा’ आणि ‘सातपाटी’ या बोटी फिरत होत्या त्या काळात घोळ हा बातमीचा मासा नव्हता. तो रोजच्या मालातला एक होता, आणि त्याचं डोकं बाजारात स्वस्त मिळायचं म्हणून आमच्याकडच्या आज्या ते आणायच्या.

पुढच्या भागात ससून डॉक, १८७५ साली कापसासाठी बांधलेली गोदी मासळीची कशी झाली ते. भेटू.